सिंहलद्वीपाचे धबधबे आणि कोरडी लेणी

श्रीलंकेला जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांची वाट बहुधा ठरलेली असते. अनुराधपूरचा महाबोधिवृक्ष, कँडीचे दंतधातू विहार, कोलंबोतील एखाद-दुसरे विहार, थोडीफार खरेदी आणि परतीचे विमान. ही ठिकाणे पाहावीतच. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने माईसाहेबांसह कोलंबो व कँडीला जाऊन आले. तेव्हापासून या बेटाचे नाव आपल्या घराघरांत आपुलकीने घेतले जाते. परंतु या ठरलेल्या वाटेला लागूनच आणखी एक श्रीलंका आहे. कड्यांवरून कोसळणाऱ्या पाण्याची आणि त्या पाण्यापासून माणसाला आडोसा देणाऱ्या गुंफांची. २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोन कुटुंबे मिळून सात माणसे, त्यांत तीन शाळकरी मुले, आठ दिवस या वाटेने फिरलो. जे पाहिले आणि त्यातून जे समजले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

दोन पावसांचे बेट

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे पाच सारखे भाग केले तर त्यांतील एका भागाहून थोडे अधिक. बेटाचा कडेचा भाग सखल आहे आणि मध्यभागी, जरा दक्षिणेकडे, डोंगरांची गर्दी आहे. सर्वांत उंच पिदुरुतलागल हे शिखर २,५२४ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर.

या डोंगरांना वर्षातून दोन पावसाळे मिळतात. मे ते सप्टेंबर या काळात आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेकडील उतार भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येकडून पाऊस येतो आणि पूर्वेकडील बदुल्ला वगैरे भागाला पाणी देतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही जोरदार सरी येतात, वादळे येतात. त्यामुळे एका अंगाचे धबधबे रोडावले तरी दुसऱ्या अंगाचे वाहते असतात. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत असल्याने नदी प्रत्येक पायरीच्या काठावर आली की कोसळते.

सिंहली भाषेत धबधब्याला 'एल्ल' म्हणतात. एल्ला नावाचे गावच तिकडे आहे. आणि गुंफेला म्हणतात 'लेन'. हा शब्द ऐकताच मुले एकदम म्हणाली, "म्हणजे आपले लेणेच की!" मुलांनी बरोबर ओळखले. पालीतील 'लेण' या शब्दापासून त्यांचा 'लेन' आला, आणि आपल्याकडील 'लेणे'ही त्याच मुळाचा. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी येथील शिलालेखांत 'लेण' हाच शब्द कोरलेला आहे. समुद्र ओलांडून गेलो आणि घरचाच शब्द भेटला.

माणसाचे जुने बिऱ्हाड

कोलंबोहून निघाल्यावर आमचा पहिला मुक्काम कळुतर जिल्ह्यातील बुलत्सिंहल गावाजवळची पाहियंगल गुंफा. चिनी प्रवासी भिक्खू फाहियान इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेत दोन वर्षे राहिला होता. तो या गुंफेत थांबला होता, असे स्थानिक लोक मानतात आणि गुंफेला त्याचेच नाव आहे.

परंतु या गुंफेची खरी श्रीमंती तिच्या मातीत आहे. येथील उत्खननात सुमारे ४८,००० वर्षांपूर्वी माणूस राहत असल्याचा पुरावा मिळाला. माकडे आणि मोठ्या खारी मारण्यासाठी त्याने हाडांची बारीक टोके तयार केली होती. ही टोके बाणांची असावीत, असे संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. घनदाट पावसाळी जंगलात आदिमानव तगू शकत नाही, असे पूर्वी मानले जाई. या गुंफेने ते मत बदलायला लावले. कुरुविटजवळची बटदोंबलेन आणि कितुलगलजवळची बेलिलेन या गुंफांतही असेच हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत.

गुंफेच्या तोंडाशी उभे राहिलो तेव्हा बाहेर पाऊस सुरू झाला. दहा पावले आत सरकताच अंगावर थेंब येईनासा झाला. माणसाने हे बिऱ्हाड का निवडले असेल, ते मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

पाणी कोसळते तेथे

तेथून पूर्वेकडे डोंगर चढत गेलो. कालुपहनजवळचा बंबरकंद हा श्रीलंकेतील सर्वांत उंच धबधबा. उंची २६३ मीटर. 'बंबर' म्हणजे रानमाशी. आपला भ्रमर तोच. 'कंद' म्हणजे डोंगर. जानेवारीत त्याची धार बारीक होती. वाऱ्याची झुळूक आली की ती धार कड्यापासून सुटून पांढऱ्या धोतराच्या सोग्यासारखी हलायची.

त्याच मोठ्या रस्त्याने पुढे कोसलंदच्या पलीकडे दियलुम धबधबा आहे. उंची २२० मीटर. हा रस्त्यावरूनच दिसतो. वरच्या बाजूला खडकात पाण्याची कुंडे आहेत आणि तरुण मंडळी तेथे पोहण्यासाठी चढून जातात. पुढे वेल्लवायहून एल्लाकडे चढताना रस्त्याच्या कडेलाच रावण एल्ल लागतो. हा सुमारे २५ मीटरचा, परंतु पसरट आणि जोरकस. जवळच्या डोंगरात रावण गुंफा आहे. रावणाने सीतेला येथे ठेवले होते, असे तेथील लोक सांगतात. शेवटी बदुल्ला गावाबाहेर ६४ मीटरचा दुनहिंद. त्याच्याकडे जंगलातील पायवाटेने दीडेक किलोमीटर चालावे लागते. नावातच धुके आहे. पाणी खाली आदळून त्याचे इतके तुषार उडतात की पायथा दिसत नाही.

सर्वच धबधबे आपल्या मनासारखे वाहत नाहीत. तलवाकेलेजवळचा सेंट क्लेअर धबधबा पूर्वी रुंदीसाठी नावाजलेला होता. अप्पर कोतमले वीजप्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला आणि नदीचे पाणी बोगद्याकडे वळले. आता धबधब्यासाठी ठराविक पाणी सोडले जाते. विजेचा दिवाही हवा आणि धबधबाही हवा, तर असा हिशेब करावाच लागतो.

येथे आई-वडिलांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. धबधब्याच्या कुंडात उतरू नये. खाली ऊन असताना वर डोंगरात पाऊस झाला तर काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागले, आवाज वाढला, काटक्या-पाने वाहत आली, की क्षणभरही न थांबता काठ सोडावा. खडकावरचे शेवाळ साबणापेक्षा निसरडे असते. श्रीलंकेतील या धबधब्यांनी अनेक जीव घेतले आहेत. आपल्याकडचे उदाहरण विसरण्याजोगे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते सहलीलाच गेले होते. आमची मुले हट्ट करीत होती. आम्ही त्यांना काठावर बसून पाय भिजवू दिले नाहीत आणि त्याबद्दल दिवसभर त्यांचे रुसणे सोसले.

चहाच्या मळ्यातील आक्का

धबधब्यांच्या फोटोंत हिरवेगार उतार दिसतात. ती हिरवळ चहाची आहे. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ साली लूलकंदुरा येथे चहाची लागवड केली आणि कॉफी रोगाने बुडाल्यावर सारे डोंगर चहाखाली आले. पाने खुडायला माणसे आणली ती दक्षिण भारतातून, तमिळ मुलखातून. त्यांत फार मोठा भाग अस्पृश्य गणलेल्या जातींचा होता. गावचा दुष्काळ आणि गावची जात या दोहोंपासून सुटायला ही माणसे समुद्र ओलांडून गेली, आणि मळ्यातील लाइनीत अडकली. 'लाइन' म्हणजे इंग्रजी अमदानीत बांधलेली एका ओळीतील खोल्यांची चाळ. साधारण दहा बाय बारा फुटांची एक खोली, पुढे अरुंद ओटा, वर पत्रा.

श्रीलंका स्वतंत्र झाली त्याच वर्षी, १९४८ मध्ये, नागरिकत्वाचा कायदा झाला आणि या लाखो मजुरांना देशच उरला नाही. १९६४ साली शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. काहींना भारतात पाठवले, काहींना तेथे ठेवले. उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला. चहा जगभर गेला आणि तो खुडणारा हात पंचावन्न वर्षे कागदावर कोणाचाच नव्हता.

आमच्यातील काकू धारावीत वाढलेल्या. त्यांना कामापुरती तमिळ येते. कोसलंदच्या बाजूला रस्त्याकडेला पाठीवर चहाची टोपली घेतलेली एक बाई भेटली. काकूंनी "आक्का" म्हणून हाक मारली. तमिळमध्येही थोरली बहीण ती अक्काच. घर कुठे म्हणून विचारल्यावर बाईने वर उतारावरच्या पत्र्यांच्या रांगेकडे बोट दाखवले. म्हणाली, "मोठा पाऊस लागला की रात्री आम्ही झोपत नाही. बायका बसून राहतात, कान डोंगराकडे लावून."

तिच्या बोलण्याला कारण होते. त्याच कोसलंद भागातील मीरियबेद्द मळ्यावर २९ ऑक्टोबर २०१४ रोजी सकाळी डोंगर खचला आणि लाइनीतील घरे माणसांसकट गाडली गेली. हा उतार धोक्याचा आहे, लोकांना हलवा, असे आधीच सांगितले गेले होते. परंतु हलवायचे कोठे, हे ठरले नव्हते. आपल्याकडे त्याच वर्षी तीन महिने आधी, ३० जुलैला, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच मातीखाली गेले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. माळीण आदिवासींचे, इर्शाळवाडी आदिवासींची, मीरियबेद्द मळामजुरांचे. डोंगर कोणाला ओळखून कोसळत नाही, हे खरे. मात्र डोंगराखाली कोणाला राहावे लागते, हे माणसे ठरवतात.

आम्ही परतलो त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस 'दितवाह' चक्रीवादळ श्रीलंकेवर आले. बदुल्ला, नुवारा एलिया, कँडी, मातले या डोंगरी जिल्ह्यांत दरडी कोसळल्या आणि देशभरात सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बातमी वाचताना आमच्या घरी सर्वांनाच ती टोपलीवाली आक्का आठवली.

खडकाच्या कपाळावरची खाच

बदुल्ल्याहून आम्ही उत्तरेकडे वळलो, आणि येथून प्रवासाला वेगळाच अर्थ आला.

आपली सह्याद्रीतील लेणी छिन्नी-हातोड्याने काळा पाषाण आत आत कोरून केलेली आहेत. श्रीलंकेतील बहुतेक लेणी नैसर्गिक आहेत. मोठमोठ्या शिळांच्या पोटाखाली आपोआप झालेली पोकळी, तिला पुढून भिंत घातली, की झाले लेणे. परंतु अशा शिळेखाली राहायला गेले तर अडचण एकच. वरून आलेले पावसाचे पाणी शिळेला चिकटून आतल्या बाजूला ओघळते आणि छतावरून थेट अंथरुणावर ठिबकते. त्यावर तेथील कारागिरांनी साधा उपाय काढला. शिळेच्या कपाळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक खाच कोरली. ओघळत आलेले पाणी त्या खाचेच्या धारेवर अडते, आत जाऊ शकत नाही आणि पागोळी होऊन बाहेरच गळते. सिंहलीत या खाचेला 'कटारम' म्हणतात. रुंदी वीतभरसुद्धा नसते. परंतु तेवढ्या खाचेमुळे ओली कपार कोरडे घर होते.

मिहिंतले येथे आम्ही ही खाच नीट पाहिली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर येथे आले आणि देवानंपिय तिस्स राजाला त्यांनी धम्म सांगितला. महावंसाच्या सांगण्याप्रमाणे पहिल्याच वर्षावासासाठी राजाने येथे अडुसष्ट लेणी तयार करविली. कंटक चेतियाच्या आसपास आजही ती शिळांखाली दिसतात. भिक्खूंना पावसाचे महिने एका जागी राहायचे असत, तेव्हा कोरडे छप्पर ही त्यांची पहिली गरज होती.

खाचेच्या बरोबर खाली, जेथे पाणी पोहोचत नाही तेथे, ब्राह्मी अक्षरे कोरलेली असतात. अशोकाच्या लेखांचीच ही लिपी. अशा प्राचीन लेण्यांतील हजाराहून अधिक लेख पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी जमवून १९७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हे लेख अगदी छोटे आहेत. अमक्याचे लेणे, चार दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना दिले. बस्स, एवढेच.

देणारे कोण आहेत ते पाहावे. राजे आहेत, सरदार आहेत. त्यांच्याबरोबर गृहपती आहेत, गावकरी आहेत, व्यापारी आहेत, कारागीर आहेत, आणि स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या उपासिका आहेत. वव्हुनियाजवळच्या पेरियपुळियंकुळम येथील लेण्यावर दात्याची ओळख 'दमेड' म्हणजे तमिळ व्यापारी, गृहपती विसाख अशी कोरलेली आहे. ज्या बेटावर १९८३ ते २००९ सिंहली आणि तमिळ यांच्यात युद्ध चालले, तेथेच दोन हजार वर्षांपूर्वी एका तमिळ व्यापाऱ्याने भिक्खूंना कोरडे घर दिले होते, आणि दगडाने ते नाव जपून ठेवले.

"अजून न आलेल्यांना" या शब्दांजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. जो माणूस अजून आलेला नाही, ज्याचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याच्या डोक्यावर पाऊस गळू नये म्हणून कोणीतरी पदरमोड करून खडकात खाच पाडून ठेवली होती. दानाचा याहून सोपा धडा मुलांना कोठे दाखवावा?

छपराखाली राहिलेले शब्द

मातलेजवळचे आलुविहार याच मालिकेतील. राजा वट्टगामणी अभयाच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, दुष्काळ आणि लढाया यांनी बेट हैराण झाले. तिपिटक तोवर भिक्खूंच्या मुखोद्गत होते. पाठ असणारी माणसेच उरली नाहीत तर वाणीही जाईल, या काळजीने भिक्खू आलुविहारच्या गुंफांत जमले आणि संपूर्ण तिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले. ताडपत्राला ओल लागली की संपले. त्या कामाला कोरडी जागाच हवी होती. १८४८ च्या मातले उठावात इंग्रज फौजेने येथील ग्रंथांचा नाश केला, परंतु लिहिण्याची परंपरा तुटली नाही. आजही तेथे ताडपत्रावर लेखणीने अक्षरे कोरून दाखवतात.

दंबुल्ल्याचे लेणे सर्वांत भव्य. तेही याच राजाशी जोडलेले आहे. राज्य गमावून तो वनवासात असताना येथे राहिला आणि परत गादीवर आल्यावर त्याने येथे विहार केले, अशी परंपरा सांगते. पाच मोठ्या दालनांत बुद्धमूर्ती आहेत आणि छतभर रंगीत चित्रे. १९९१ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. भल्या मोठ्या शिळेच्या कपाळावर येथेही तीच खाच धावते. दुसऱ्या दालनात मात्र छताच्या एका चिरेतून थेंब थेंब पाणी गळते आणि खाली ठेवलेल्या भांड्यात साठते. ते पाणी पवित्र मानतात. पावसाला बाहेर अडवणाऱ्या माणसांनी, आत आलेला थेंब वाया जाऊ दिला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे

डोंगरी भागात जळवा फार. पायमोजे लांब घालावेत, जवळ मीठ ठेवावे. विहारांत जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि पादत्राणे बाहेर काढावीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तेथे अनादराचे समजतात. दितवाहनंतर रेल्वे आणि घाटरस्त्यांचे मोठे नुकसान झाले, म्हणून निघण्यापूर्वी मार्ग चालू असल्याची खात्री करावी. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर डोंगराचा बेत सरळ पुढे ढकलावा. आणि चहाच्या मळ्यात फोटो काढण्याआधी तेथल्या बाईला विचारावे. ती नाही म्हणाली तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

ज्यांना इतक्या लांब जाणे जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या लेण्यांतही हीच माणसे भेटतात. कार्ल्याला धेनुकाकटचा सुतार आहे, गंधी आहे. कान्हेरीला पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या आहेत, त्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. पुढच्या वर्षावासात मुलाबाळांना घेऊन लेण्यावर जाल तेव्हा धबधब्याखाली भिजून परत फिरू नका. आधी त्यांना पोढी दाखवा, मग भिंतीवरची अक्षरे दाखवा, आणि हे पाणी कोणी दिले ते सांगा. कान्हेरीतील एक पोढी कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने दिलेली आहे.